दादाच्या मैदानाची कुलपं

खटक्याच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ बाहेर पाटी होती म्हणून. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी पोकळी उरते, तीत त्यानं एक टेबल, एक ग्राइंडर आणि भिंतभर कच्च्या किल्ल्या बसवल्या होत्या. वरून कुणी धाडधाड उतरलं की सगळ्या किल्ल्या एकदम थरथरायच्या. उंच गिऱ्हाईक बाहेरूनच बोलायचं. खटक्या स्वतः बुटका, त्यामुळे त्याचं डोकं कधी जिन्याला लागलं नाही. संध्याकाळपर्यंत भुवयांमध्ये पितळेचा भुसा साचायचा आणि बायको त्याला दारातच अडवायची, "आधी तोंड झटका, मग आत या. उशीची पार कानस झालीय."

कुलपाला कान लावून आतला खटका ऐकायची त्याची सवय, म्हणून त्याला खटक्या म्हणत. हे नाव ठेवलं होतं भोंग्यानं. भोंगा रंगारी होता, लोकांच्या भिंती रंगवायचा आणि मैदानावर ओरडायचा. त्याचा आवाज असा, की आत तो ओरडला की बाहेर बसथांब्यावरच्या लोकांना गोल कुणी केला ते कळायचं. दोघं शाळेत एका बाकावर होते आणि शाळा सुटल्यापासून पूर्वेच्या स्टँडमध्ये एका पायरीवर. लग्नं झाली, केस गेले, भोंग्याचं पोट सुटलं, पण पायरी बदलली नाही.

फुटबॉलचा हा क्लब मूळचा काचेच्या कारखान्यातल्या कामगारांचा. कारखाना कधीच बंद पडला, त्याच्या जागी गोदामं झाली, क्लब मात्र तगून राहिला. खटक्याचा थोरला भाऊ त्या मैदानाचा माळी. वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडली, धाकट्याला वाढवलं, कुलपांच्या कारागिराच्या हाताखाली घातलं आणि स्वतः गवताला चिकटला तो चिकटलाच. दादा बोलायला अगदी कंजूष. मॅच जिंकली तरी त्याची पहिली नजर गोलपुढच्या उखडलेल्या मातीकडे जायची. वहिनी म्हणायची, "घरातल्या एका कुंडीला पाणी घालायचं यांच्या लक्षात राहत नाही, आणि तिकडे मात्र रोज न्हाऊमाखू घालतात."

मग नवे मालक आले. दोघे भाऊ, शीतगृहांचा मोठा धंदा. थोरला कधी दिसलाच नाही. धाकटा मात्र पहिल्याच मॅचला मालकांसाठीच्या काचेच्या खोलीत न बसता पूर्वेच्या स्टँडमध्ये येऊन बसला, सगळ्यांबरोबर ओरडला, घसा बसवून घेऊन घरी गेला. आणि एके दिवशी चक्क खटक्याच्या दुकानात उगवला. आईच्या जुन्या कपाटाची किल्ली हरवली होती. एवढा मोठा माणूस कमरेत वाकून जिन्याखाली शिरला, स्टुलावर बसला, आणि खटक्या किल्लीचे दात घासत होता तोवर गप्पा मारत राहिला.

"साहेब, मैदानाकडे लक्ष असू द्या," खटक्या म्हणाला.

"मला साहेब नका म्हणू. मैदान तुमचं आहे मामा, आम्ही नुसते सांभाळणारे."

खटक्यानं पैसे घेतले नाहीत. ते वाक्य मात्र घेतलं. दुकानात, स्टँडमध्ये, जेवताना, सासुरवाडीला, जिथे विषय निघेल तिथे तो ते वाक्य काढून दाखवायचा. बायको शेवटी म्हणाली, "झिजेल हो ते."

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी कप्तानाला विकलं, मागोमाग गोलकीपर गेला. फ्लडलाइटचे दिवे एकेक करून मेले आणि संध्याकाळच्या मॅचेस भर उन्हात व्हायला लागल्या. पश्चिमेचा स्टँड दुरुस्तीसाठी म्हणून बांबू लावून बंद केला. त्या बांबूंवर कावळ्यांनी घरटी केली, दुरुस्तीचा माणूस काही चढला नाही. संघ खालच्या गटात घसरला. विचारायला गेलेल्यांना ऑफिसात पाणी मिळायचं, उत्तर मिळायचं नाही.

भोंग्यानं मग लोकांना जमवलं. मॅच सुरू झाली की सुरुवातीला सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, मालकांना कळू दे. पहिल्या दिवशी अख्ख्या स्टँडनं पाठ फिरवली. एकटा खटक्या तोंड मैदानाकडे करून बसला, आणि आजूबाजूच्या साऱ्या माणसांची तोंडं नेमकी त्याच्याकडे झाली.

"तुला मालकांनी काय पाजलंय रे?" भोंग्यानं विचारलं.

"पाजलं काही नाही. माणूस माझ्या दुकानात बसून गेलाय. डोळ्यात बघून बोललाय."

"डोळ्यात बघून तर डोळ्यांचा डॉक्टरही बोलतो."

लोक हसले. खटक्याही हसला, पण त्याला ते लागलं. घरी जाताना तो दादाकडे वळला. दादा अंगणात बसून फाटलेल्या पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत होता. मैदानाचा पंप जळाला होता आणि नवा येत नव्हता, म्हणून दादा घरचे पाइप जोडून जोडून पाणी नेत होता.

"दादा, तुला काय वाटतं? मालक खरंच एवढे वाईट आहेत?"

"मला पंप पाहिजे," दादा म्हणाला आणि पट्टी आवळत राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. मैदानावर वायरींची चोरी झालीय, सगळ्या दरवाज्यांची कुलपं बदलायची आहेत, तीही आजच. "धाकटे साहेब म्हणाले, काम तुम्हालाच द्यायचं. विश्वासाचा माणूस हवा."

विश्वासाचा माणूस! खटक्यानं बायकोला हे एकदा सांगितलं, आणि हत्यारांची पेटी उचलून दारापर्यंत जाऊन परत फिरून पुन्हा एकदा सांगितलं. त्यानं दुकानातली सर्वांत चांगली कुलपं काढली, जाड कांबीची, करवतीला दाद न देणारी. काही ठिकाणी कोयंडे सडले होते, तेही स्वतःच्या पदरचे नवे बसवले. दादाची त्या दिवशी सुट्टी होती. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. खटक्या एका दरवाज्यावरून दुसऱ्या दरवाज्यावर गेला, प्रत्येक कुलूप उघडून, मिटून, कान लावून पाहिलं. शेवटी ऑफिसात जाऊन किल्ल्यांचा जुडगा मॅडमच्या हातात देताना म्हणाला, "यातली एक दादासाठी ठेवतो. सकाळी त्याला लागेल."

"आम्ही देऊ त्यांना. सगळ्या इथेच राहू द्या."

दुसऱ्याची किल्ली स्वतःजवळ ठेवायची नाही हा खटक्याचा धंद्यातला नेमच होता. त्यानं सगळ्या देऊन टाकल्या.

सकाळी तो दुकान झाडत होता तेव्हा दादा आला. दादा दुकानात कधी येत नसे. त्यानं मैदानाची जुनी किल्ली टेबलावर ठेवली.

"जात नाही आत."

"अरे, तुला नवी देणार होते. दिली नाही का मॅडमनी?"

"फाटकावर बोर्ड लावलाय. मैदान बंद. संघ दुसरीकडे खेळणार." दादानं जिन्याच्या खालच्या बाजूकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "कुलूप बघितल्यावर ओळखलं मी. तूच बसवतोस कोयंडा असा, उलट्या बाजूनं."

खटक्याचा हात झाडूवरच राहिला. "मला म्हणाले चोरी झाली. दादा, आईची शपथ, मला चोरीच सांगितली."

"असेल," दादा म्हणाला. "चांगलं बसवलंयस." आणि तो गेला. जुनी किल्ली टेबलावरच राहिली.

गावभर बातमी फिरायला वेळ लागला नाही. मालकांनी क्लबचं नाव आणि खेळाडू दूरच्या एका शहराला विकले होते, जमीन आणखी कुणाला तरी विकायची होती, आणि लोकांनी आत ठाण मांडून बसू नये म्हणून कुलपं. मालक कुणाच्या हाती लागत नव्हते. खटक्या लागत होता. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. एका सकाळी तो दुकानाशी आला तर त्याच्याच शटरच्या कुलपात कुणी गोंद ओतून काड्या खुपसल्या होत्या. तो खाली बसला, पेटीतून बारीक आकडा काढला आणि एकेक काडी उपसू लागला. बसथांब्यावरचे लोक बघत होते. एक जण म्हणाला, "घरचा कारागीर आहे, वेळ लागणार नाही." वेळ बराच लागला. शेवटी ते कुलूप कापूनच काढावं लागलं.

भोंगा आला नाही, भांडलाही नाही. रस्त्यात समोर आला तेव्हा त्यानं मैदानात फिरवली होती तशीच पाठ फिरवली.

बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन विचारा तरी त्या माणसाला. मामा म्हणाला होता ना?"

खटक्या स्वच्छ शर्ट घालून मालकांच्या ऑफिसात गेला. तिथल्या खोलीत इतकी थंडी, की शीतगृहाच्या मालकांना घरात आणि गोदामात फरक कळत नसावा असं त्याला वाटलं. दोन दिवस बसून परत आला. तिसऱ्या दिवशी धाकटा मालक लिफ्टमधून बाहेर पडताना सापडला. खटक्याला वाटलं होतं, तो ओळख दाखवणार नाही. पण त्यानं लगेच ओळखलं, हात हातात घेतला.

"मामा! बरे आहात ना? आईचं कपाट अजून तुमच्या किल्लीवर चालतंय."

"साहेब, मैदान... माझ्या भावाला आत जाऊ देत नाहीत. गवत जळून जाईल हो."

"अरेरे. मला माहीतच नाही हे. दादांना म्हणावं काळजी करू नका, आठवडाभरात माणूस पाठवतो. आणि लोकांचं मनावर घेऊ नका. तुम्ही काय, नुसती कुलपं बसवलीत." पाठीवर हात ठेवून तो गाडीत बसला.

घरी येताना खटक्याच्या पायांना बळ आलं होतं. तो तसाच दादाकडे गेला. दादा तेव्हा मैदानाच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या दरवाज्याच्या फटीला डोळा लावून उभा होता. रोज तो तिथे जाऊन उभा राहायचा असं वहिनीनं सांगितलं होतं.

"आठवडाभरात माणूस येतोय पाण्याला. स्वतः बोलला."

दादानं फटीवरचा डोळा काढला नाही. "मधला भाग गेला. कडेचं अजून धरून आहे. आज उद्या पाणी मिळालं तर वाचेल." मग तो वळला. आयुष्यात त्यानं धाकट्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "तू हे एक उघड. मी पाणी घालतो, तू परत लाव. कुणाला कळायचंही नाही."

"दादा, गुन्हा आहे तो. आणि आता कशाला? शब्द दिलाय त्यानं."

"बरं," दादा म्हणाला.

आठवडा गेला, माणूस आला नाही. खटक्यानं ऑफिसात फोन केला, मॅडम मीटिंगमध्ये होत्या. तो स्वतःशी म्हणाला, मोठ्या माणसांचा आठवडा मोठा असतो, आणखी चार दिवस बघू. दादाच्या घरावरून जायचं मात्र त्यानं टाळलं.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती, भराभर बोलत होती. "भावजी, लगेच या, मागच्या गल्लीत. हे आत पडलेत."

दादानं शेजारून शिडी मागून आणली होती. गल्लीतल्या नळाला पाइप जोडला, दुसरं टोक खांद्यावर टाकलं आणि साठी उलटलेला माणूस भिंतीवर चढला. पलीकडे उतरायला काही नव्हतं. गल्लीतल्या एका बाईला नुसती उभी शिडी आणि वाहता नळ दिसला. तिनं हाक मारली तर भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं.

खटक्या पेटी घेऊन पोचला तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. पहारेकरी हात जोडून सगळ्यांना सांगत होता, किल्ल्या माझ्याकडे नाहीत, ऑफिस फोन उचलत नाही. दोन पोरं भिंतीवरून आत उतरली होती. त्यांनी ओरडून सांगितलं, पाय हलवत नाहीत, उचलायला गेलं की किंचाळतात. स्ट्रेचर आत न्यायचं तर दरवाजाच उघडायला हवा होता. आणि दरवाज्यावर खटक्याचं सर्वांत चांगलं कुलूप होतं.

त्यानं आकडा आत सरकवला आणि कान टेकवला. काही ऐकू येईना. लोक ओरडत होते, तोड, फोड, आता का वेळ लागतोय. आकडा दोनदा घसरला. घामानं बोटं बुळबुळीत झाली. तेवढ्यात मागून एक आवाज फुटला.

"गप्प बसा सगळे!"

भोंगा होता. एवढ्या दिवसांत त्याचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता. गल्ली चिडीचूप झाली. भोंगा खटक्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि हलकेच म्हणाला, "कर तू. सावकाश कर."

शांततेत खटक्याला भिंतीपलीकडचं दादाचं कण्हणं स्पष्ट ऐकू यायला लागलं, आणि कुलपातलं काहीच नाही. शेवटी त्यानं आकडा फेकला, समोरच्या घरातून वायर ओढून ड्रिल लावलं. पोलाद कडक होतं. एक टोक मोडलं, दुसरं लाल झालं. आपण हे कुलूप हलकं का नाही आणलं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत राहिला. शिडीची सावली भिंतीवरून खाली सरकली तेव्हा कुठे कांब सुटली.

दादा भिंतीच्या कडेला एका कुशीवर पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, चेहरा राखेसारखा झाला होता. सगळीकडे पिवळं, करपलेलं गवत, आणि पाइप पडला होता तेवढ्या जागी चिखल. खटक्या त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. "दादा," एवढंच त्याला म्हणता आलं.

"पाइप बंद कर," दादा म्हणाला. "एकाच जागी पाणी साचतंय."

स्ट्रेचर गेलं. वहिनी बरोबर गेली. उघड्या दरवाज्यातून लोक आत आले आणि कुणी काही न सांगता पूर्वेच्या स्टँडमध्ये आपापल्या पायरीवर जाऊन बसले. समोर खेळ नव्हता, हिरवं गवत नव्हतं. कुणीतरी भोंग्याला म्हणालं, गाणं म्हण. त्यानं तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. पोलीस आले तेव्हा सगळे मुकाट्यानं उठून बाहेर पडले. खटक्याला चौकीवर नेलं, जबाब घेतला, संध्याकाळी सोडलं. मालकांनी तक्रार पुढे रेटली नाही. त्यांना तेवढ्यासाठी वेळ नव्हता. पावसाळ्यानंतर मैदानात यंत्रं शिरली.

दादा जगला, पण कुबड्यांशिवाय पुन्हा चालला नाही. खटक्या रोज सकाळी दुकान उघडण्याआधी जाऊन त्याला अंघोळ घालायचा. वहिनी "कशाला भावजी, मी आहे ना" म्हणायची, तो ऐकायचा नाही. एकदा पाठ चोळता चोळता खटक्या म्हणाला, "मी तेव्हाच उघडलं असतं तर..." दादानं नुसतं, "पाणी गार झालंय," म्हटलं. त्यात राग होता की माया, हे खटक्याला कळलं नाही.

वर्षभरानं भोंग्यानं नवा क्लब काढायचं ठरवलं. लोकांचा, लोकांनीच चालवायचा. पाण्याच्या टाकीमागचं मोकळं मैदान मिळालं होतं, स्टँड नव्हता, खेळाडू म्हणजे गोदामांतली आणि गॅरेजमधली पोरं. शाळेच्या वर्गात सभा बोलावली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. दादालाही आणलं होतं. अध्यक्षपदासाठी शाळेतल्या एका मास्तरांचं नाव सुचवलं गेलं. सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी काही मोठं बोलणार नाही. क्लब तुमचा आहे, मी फक्त सांभाळीन."

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा," भोंगा म्हणाला.

वर्गभर हात वर झाले. भोंग्याचा झाला, वहिनीचा झाला, कुबडी सावरत दादाचाही झाला. खटक्याला मास्तर आवडत होते, त्यांच्याविरुद्ध त्याच्या मनात तसूभर काही नव्हतं. ते वाक्य मात्र ओळखीचं होतं. त्याचा हात बाकावर होता. त्यानं तो उचलायचा म्हटलं. हात जड नव्हता, दुखत नव्हता. उचलला मात्र गेला नाही. भोंग्यानं मोजता मोजता त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पुढच्या बाकाकडे वळला.

परतताना खटक्यानं दादाला रिक्षात बसवलं आणि शेजारी बसला. बराच रस्ता गेल्यावर दादानं विचारलं, "तू का नाही केलास हात?"

"जमलं नाही."

"माणूस चांगला आहे तो."

"माहितेय," खटक्या म्हणाला. "वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं."

खड्डा आला तसा दादानं धाकट्याचा खांदा धरला, आणि खड्डा संपला तसा सोडला.